दहा वाजताचं तेल

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. रक्त, लघवी, थुंकी... जे समोर येईल ते काचेवर घ्यायचं, बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं, ही माझी नोकरी. अशा सदरांमधले गूढ अनुभव मी जेवताना गंमत म्हणून वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, "यांना सगळ्यांना एकदा थायरॉइड चेक करायला सांग." आज मीच लिहायला बसलोय. घाबरण्यासारखं यात काही नाही, ते आधीच सांगतो. जे झालं ते सगळं भर उजेडात झालं.

आम्ही जळगावला राहतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पूर्वेकडे गॅलरी. बायको हर्षदा दोंडाईचाची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, घरी एकटे आबा. माझी आई बोदवडला मोठ्या भावाकडे, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मग आम्ही दोघांनीच ठरवलं — आपलं आपण करू.

डिसेंबरचे दिवस होते. सकाळी सहाला कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली संध्याकाळी पाचला. मधले अकरा तास हर्षदाने माझं मनगट सोडलं नाही. शेवटी मला बाहेर काढलं तेव्हा मनगटावर तिची चार नखं उमटलेली होती. नर्सने हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "थांबा, मी हात धुतले नाहीत." नर्स हसली. हर्षदा अजूनही त्यावरून चिडवते.

त्या दवाखान्यातल्या मावशींनीच आम्हाला रेलीबाईचं नाव सांगितलं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव तिचं, फैजपूरच्या वर. जळगावात बहिणीकडे राहून बाळ-बाळंतिणीला मालिश करायची. वय सत्तरीच्या घरात, अंगाने काडी, पण हात लांब आणि बोटं रुंद. आमच्याच इमारतीत तिची कामाची आणखी तीन घरं होती. बरोबर दहाला यायची. स्वतःचं तेल आणायची — मोहाच्या बियांचं, एका चपट्या बाटलीत. त्याला उग्र, थोडासा कडवट वास. मला तो आवडत नसे. मी तिला दारातच सॅनिटायझर द्यायचो, ती मुकाट्याने हाताला चोळायची आणि आत जाऊन पुन्हा साबणाने हात धुवायची, कारण तिला सॅनिटायझरचा वास आवडत नसे.

पाय पसरून, पायाच्या नळ्यांवर आमच्या मुलीला, मनूला, झोपवून ती मालिश करायची. शेवटी बाळाचा उजवा पाय डाव्या खांद्याला, डावा पाय उजव्या खांद्याला. तीन-तीन वेळा. मग दोन्ही हात छातीवर आडवे. हर्षदा तिला अक्का म्हणायची, तिच्याशी माहेरच्या बोलीत बोलायची. आईनंतर पहिल्यांदाच घरात कुणाशी ती तसं बोलत होती, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

सातव्या दिवशी दुपारी हर्षदा अंघोळीला गेली होती. मी मनूचं लंगोट बदलत होतो. नाळेचा वाळलेला तुकडा एका बाजूने सुटून लोंबत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात लावू नका, आपोआप पडेल. मला वाटलं, आता काय, धाग्यावर तर आहे... मी चिमटीत धरून ओढला. तो निघाला, पण थोडं रक्त आलं. मनू कळवळून रडली. मी कापसाने टिपलं, कापूस कागदात गुंडाळून डब्यात टाकला. हर्षदा बाहेर आल्यावर म्हणालो, "नाळ पडली बरं का." तिला आनंद झाला.

नवव्या दिवशी बेंबीभोवती लाली, मग पू, मग ताप. मनूला ॲडमिट केलं. एवढ्याशा हाताला सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, "काही लावलं होतं का? कुणी ओढलं, खेचलं?"

हर्षदाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला काही माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "मालिशवाली येते रोज. स्वतःचं कसलं तरी तेल आणते."

इतकंच बोललो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दुसऱ्या दिवशी दहाला रेलीबाई आली तेव्हा मी कपडे न्यायला घरी आलो होतो. जिन्यातच तिला सांगितलं, बाळाला इन्फेक्शन झालंय, तुमच्या तेलाने झालंय, आता येऊ नका. आवाज चढलाच माझा. खालची-वरची दारं उघडली. ती पायरीवर बाटली पदराखाली धरून उभी होती. वाद घातला नाही. म्हणाली, "पोर कशी शे?"

मी म्हणालो, "सिरियस आहे."

"बठ्ठं बरं व्हई, भाऊ," सगळं बरं होईल, म्हणाली आणि उतरून गेली. त्या आठवड्यात इमारतीतल्या बाकीच्या तिन्ही घरांनी तिला नको म्हणून सांगितलं. पुढे कळलं, ती गावी परत गेली.

मनू सात दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सध्या तेल, पावडर, काही नको. मी घरातली खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी हर्षदा म्हणाली, "अहो, तुम्ही तेल लावलं का हिला?"

"वेडी आहेस का?"

"मग मांड्यांच्या घड्या बघा."

मी बोट फिरवलं. तेल होतं. थोडंसंच, पण तेल. आणि वास... तो कडवट वास. मला वाटलं, हर्षदाच गुपचूप लावतेय. तिला वाटलं, मी. त्यावरून आम्ही चांगले भांडलो. चौथ्या दिवशी पुन्हा. वेळ तीच, सव्वादहाच्या सुमारास. त्याआधी मनू किरकिरायची आणि दहा वाजले की एकदम शांत.

मी लॅबमधून फिल्टर पेपर आणला. साडेनऊला मनूला कोमट पाण्याने पुसलं, घड्यांवर कागद दाबला, उजेडासमोर धरला — स्वच्छ. सव्वादहाला नवा कागद दाबला. मध्ये पारदर्शक डाग. भज्याखालच्या कागदावर पडतो तसा. चार दिवस केलं. चारही दिवस तेच.

रविवारी मी हर्षदाला म्हणालो, तू बाहेर बस, दाराला आतून कडी लावतो. खोलीत मी आणि मनू. गॅलरीतून ऊन गादीपर्यंत आलेलं. दहा वाजले. मनू वर बघत होती — छताकडे नाही, साधारण जिथे तिच्यावर वाकलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथे. मग तिचा उजवा पाय उचलला गेला. उचलला गेला म्हणतो, कारण तिने उचलला असं मला वाटलं नाही. तो डाव्या खांद्यापर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि सावकाश खाली आला. तीन वेळा. मग डावा. मग दोन्ही हात छातीवर आडवे.

भीती वाटली का? नाही. मला शरम वाटली. कुणीतरी माझ्यासमोर बसून, माझ्याकडे लक्षही न देता, आपलं काम करून जात होतं.

कडी काढली तेव्हा हर्षदाने माझा चेहरा बघितला. मी जे पाहिलं ते सांगितलं. ती म्हणाली, "अक्का गेली असेल का हो? आपण जाऊन बघू."

दवाखान्यातल्या मावशींकडून गावाचा पत्ता घेतला. पुढच्या रविवारी मित्राची गाडी घेऊन निघालो. भुसावळ, तापीचा पूल, फैजपूर. केळीच्या बागा संपल्या, जमीन तांबडी आणि दगडाळ झाली, मग दहा-बारा घरं. साडेअकरा वाजले असतील. मी मनाशी तयारी केली होती की आता कुणीतरी सांगणार, म्हातारी अमुक दिवशी गेली.

रेलीबाई जिवंत होती. शेळ्यांना पाला आणायला गेली होती.

तिच्या सुनेने आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. कुठून आलो ते ऐकल्यावर ती आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "रोज सकायले ती आठे पाय पसरीसन बसस." ओट्याकडे बोट दाखवलं. मग अर्ध्या मराठीत सांगत गेली — वाटीत तेल कोमट करते, हाताला लावते आणि रिकाम्या नळ्यांवर हात फिरवत बसते, समोर बाळ असल्यासारखी. तीन-तीन मोजते. घरातल्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. विचारलं तर म्हणते, जयगावनी, म्हणजे जळगावची, पोर शे, आजारी शे, तिचं राहिलेलं करून देते.

हर्षदा रडायला लागली. मी खाली बघत बसलो.

तेवढ्यात रेलीबाई आली. डोक्यावरचा पाला खाली टाकला, हात धुतले, कुणाला काही न विचारता मनूला मांडीवर घेतलं. झबलं वर करून बेंबी पाहिली, अंगठ्याने हळूच दाबून पाहिली.

"सुकनी," म्हणाली. मग पुन्हा एकदा निरखून, "आपसूक पडेल नही ही. वढेल शे."

म्हणजे, आपोआप पडलेली नाही, ओढलेली आहे. सून ऐकत होती, शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या होत्या, हर्षदाने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. मी याचसाठी इतक्या लांब आलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "लंगोटात अडकली असेल."

रेलीबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पोराचं सांडलेलं दूध आपणच पुसून घ्यावं, तशी ती पटकन म्हणाली, "हां, कपडामा आटकनी व्हई." आणि मनूचे पाय हातात घेऊन मालिश करायला बसली. निघताना हर्षदा तिच्या पाया पडली. मीही पडलो. तिने आम्हाला शेंगा दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून तेल थांबलं. मी पुढचा आठवडाभर कागद दाबून बघत होतो. सगळे स्वच्छ.

मी ठरवलं होतं, एकट्याने परत जायचं. सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर नीट सांगायचं आणि तिला परत जळगावला आणायचं. पण आज लॅबला सुट्टी नाही, उद्या गाडी नाही, मनूचं लसीकरण... असं करत उन्हाळा गेला. पावसाळ्यात एकदा दवाखान्यात सॅम्पल घ्यायला गेलो तेव्हा मावशी सहज म्हणाल्या, "रेलीबाई गेली हो. दोन दिवस ताप आला फक्त."

त्या दिवशी घरी येऊन मी हर्षदाला सगळं सांगितलं. कापूस डब्यात टाकल्यापासून. तिने मनूला भरवणं थांबवलं नाही. मग इमारतीतल्या तिन्ही घरी जाऊन तेच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आता काय उपयोग, भाऊ?"

एका बालरोगतज्ज्ञांना मी नाव न घेता हे विचारलंय. ते म्हणाले, नवजात बाळाच्या हालचाली अशा होतात, त्वचेतून स्निग्धता येते, आणि वास हा मनाचा खेळ. दुसऱ्या कुणी मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक म्हातारी हवेत हात फिरवते आणि इथे कागदावर डाग पडतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मनू आता दोन वर्षांची आहे, आणि अजूनही नाही.

हर्षदाला उत्तराची गरज वाटत नाही. तिचं म्हणणं वेगळंच आहे. मी कबूल केलं त्या संध्याकाळी, मनू झोपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मला अक्काच्या ओट्यावरच कळलं होतं. मग गाडीत मी वाट बघत होते, तुम्ही आता बोलाल. फैजपूर गेलं. पूल गेला. भुसावळ गेलं. मग आपण घरी पोचलो."