छेद कुठे द्यायचा

देवळीत माझं कापडाचं दुकान आहे. सुरुवातीला साड्यांची पिशवी खांद्यावर टाकून मी नाचणगावात दारोदार फिरले. आज ठोक व्यापारी मला आधी खुर्ची देतात आणि माझा आवाज चढला की गप्प होतात. एवढं सगळं कमावलं, पण शिंपिणीला ब्लाउजचं माप देताना मान खाली जायची. सपाट छातीवरून सासरी लग्नापासून थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांत नवरा पुढे होता, ते मी विसरलेले नाही. शेवटी छत्तिसाव्या वर्षी ठरवलं, ऑपरेशन करून छाती भरून घ्यायची.

नागपूरचे एक डॉक्टर वर्ध्याला येत. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सिलिकॉनची मऊ पिशवी हातात दिली. कापडाचा पोत बघावा तशी मी ती चोळून बघितली.

“सर, हे आटत तं नाई ना?”

डॉक्टर हसले. नवराही हसला. “साहेब, इले घासाघीस केल्याबिगर चैनच पडत नाई.”

मग डॉक्टरांनी छेदाच्या तीन जागा समजावल्या. पहिली काखेत. ती मी लगेच नाकारली. दिवसभर हात वर करून फळीवरचे तागे काढणारी मी, ती जखम कशी भरायची? दुसरी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने. तिथला व्रण जवळजवळ दिसत नाही, पण दुधाच्या नळ्यांना धक्का लागण्याची भीती जास्त. तिसरी स्तनाखालच्या घडीत. व्रण थोडा लांब राहतो, नळ्यांना मात्र त्या मानाने धोका कमी.

“खात्री कशाचीच देता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पुढे बाळाला अंगावर पाजायचं आहे का, ते आधी सांगा.”

माझा गर्भ दोनदा राहून पडला होता. मुलासाठीचे उपचार थांबले होते, पण संपलेत असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा बोलला.

“आता कोणाले पाजाचं हाय वं? जिथं दिसत नाई तिथंच करून टाक.”

मी उठले. मग चप्पल घालून बाहेर निघाले.

बाजारात मी नेहमी हेच करते. भाव पटला नाही की उठायचं. जिन्यापर्यंत पोचायच्या आत व्यापारी हाक मारतो, “या बाई, बसा, तुमचंच खरं.” नवऱ्याने हे माझ्या शेजारी बसून कितीदा पाहिलं आहे. मी दवाखान्याच्या जिन्याशी उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता. तो डॉक्टरांना सुट्टी किती दिवस लागेल ते विचारत होता.

हाक आली नाही.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुमी कवा ठरवलं हे?”

“काय?”

“लेकराचं.”

“झाले लय दिवस. मायले, भाऊले, सगळ्याईले सांगतलं हाय.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तू भांडली असती.”

खरंच भांडले असते. पण त्या दिवशी मी सरळ एसटीत चढले. देवळी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरातल्या सगळ्यांनी माझं मूल सोडून दिलं होतं, आणि मी त्यांच्यातच जेवत होते, हसत होते.

पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन गेले. “खालच्या घडीत करा,” मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

घडीतला व्रण आता फिकट झाला आहे. परवा मी ब्लाउज बदलत असताना नवऱ्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, “पाह्य, कोठं केलं ते समजत बी नाई. माह्यं आयकलं ते बरं केलं.”

मी हुक लावले आणि दुकान उघडायला गेले.