नातीच्या प्लेटलेट्स

मुलगी पहिल्या बाळंतपणाला वसईला आमच्याकडे आली ती ल्युपसची फाईल घेऊनच. या आजारात शरीर आपल्याच रक्तावर, सांध्यांवर उलटतं. तिचे सहा वर्षांचे रिपोर्ट मीच तारखेनुसार लावलेले होते.

नात झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "परवा बाळाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स तपासा, रक्त गोठवणाऱ्या पेशी. आईच्या आजाराचा परिणाम असू शकतो." मी तो कागद फाईलला लावला. पण मुलीच्या प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार होत्या. आईच्या एवढ्या, मग बाळाला कमी कशा पडतील, असा मी हिशेब केला.

"परवा पाचवी आहे. त्या दिवशी पोरीला सुई कशाला? पूजा होऊ दे, मग बघू," मी म्हटलं. आमच्या घरात आकड्यांचं मी बघतो.

सहाव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या जूचंद्रच्या मावशींनी तिला पायांवर घेतलं आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

"काका, हे मांडीवर काय?"

"डास. तुमच्या गावचे असतील."

"आमचे डास असे चावत नाय. मोहरी सांडल्यावानी हाय, दाबलं तरी जात नाय. पानी काढलंय ते राहू द्या. मी हिला चोळनार नाय."

तिला तसंच हॉस्पिटलात नेलं, रक्त तपासायला दिलं. दुपारी आकडा आला. अकरा हजार. डॉक्टरांनी समजावलं की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, नाळेतून बाळात जातात आणि त्याच्या प्लेटलेट्स मारतात. आईचा आकडा गोळ्यांनी सावरलेला असतो, त्यावरून बाळाचं काही ठरत नाही. भीती होती ती मेंदूत रक्तस्राव होण्याची. डोक्याची सोनोग्राफी त्या दिवशी ठीक आली. पुढची हमी कोणी देईना.

बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवलं, सलाईनमधून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पंधरा हजार.

"चार हजार वाढले ना?" मी डॉक्टरांना विचारलं.

"काका, एवढा फरक मोजण्यातही पडतो."

कक्षाबाहेर बाकावर मुलगी बसली होती. "बाबा, माझ्यातूनच गेलं ना तिच्यात?"

मला नाही म्हणायचं होतं. "हो," म्हटलं. "पण एक दिवस मी घालवला."

माझ्या मांडीवरची फाईल तिने उचलली.

"पुढचा रिपोर्ट कधी?" तिने विचारलं.

"संध्याकाळी सहाला."

"मी घेईन," म्हणाली, आणि भिंत धरत कक्षाच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली.