माफीच्या फ्लेक्सवरचा फोटो

चहाचा पुडा हातात घेतला की ती घटना अजूनही आठवते. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. एके दिवशी एका मोठ्या चहा कंपनीचा प्रतिनिधी फिर्याद घेऊन आला. उडता बगळा हा त्यांचा नोंदणीकृत ट्रेडमार्क. आमच्याकडचा एक चहावाला कारखानदार तोच बगळा छापून आपले पुडे विकतो, असा निनावी फोन त्यांना आला होता.

गुन्हा दाखल झाला. उपअधीक्षक साहेबांसोबत आम्ही गोदामावर छापा घातला. पंचांना घेऊन पोहोचलो तर मोबाइलवर चित्रण करणारे चार जण आमच्या आधीच दारात हजर. मालक पुढे आला. त्याचा चुलता वारला होता, आणि तीनच दिवसांपूर्वी दहाव्याला त्यानं केस, मिशा उतरवल्या होत्या. हात जोडून म्हणाला, "सायेब, आपल्याला कशाला पायजे दुसऱ्याचा बगळा? पुडे छापणाऱ्या प्रेसवाल्याची चूक हाय."

प्रेसवाल्यानं बोट दाखवलं ते संगणकावर पुड्यांची डिझाइन करणाऱ्या मुलीकडे. वय चोवीस, नेकनूरकडच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं येणारी. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, त्यामुळे ठाण्यात तिच्यासोबत कोणी नव्हतं. महिला अंमलदारासमोर ती एका दमात बोलली, "सर, चित्र मी इंटरनेटवरून घेतलं. कोणाचं आहे ते बघितलं नाही. चूक माझी."

इतकी सरळ कबुली मिळाल्यावर मला हायसंच वाटलं. जबाब लिहून घेतला आणि आरोपींमध्ये मालक, प्रेसवाला यांच्याखाली तिचं नाव घातलं. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फडावरून फोन आला. "सायेब, पोरीचं पोलीस भरतीच्या यादीत नाव लागलंय. आता हे काय झालं? मुकादम सोडंना, न्हाईतर आलोच असतो." मी म्हणालो, "चौकशी चालू आहे." रोज दहा जणांना देतो तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लागला होता. 'चूक झाली, माफ करा. चव तीच, चिन्ह नवं.' मालकाच्या जोडलेल्या हातांत नव्या चिन्हाचा पुडा. जीपचा चालक म्हणाला, "सायेब, मान्सानं माफी बी लई झोकात मागितली बघा." मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. छाप्याच्या दिवशी ज्याच्या तोंडावर केस नव्हता, त्या माणसाला फोटोत भरघोस मिशा होत्या.

मालकाला ठाण्यात बोलावलं.

"हा नवा पुडा कधी तयार केला?"

"छापा पडल्यावर, सायेब. रातोरात केला."

"आणि मिशा कधी उतरवल्या?"

"दहाव्याला."

"मग मिशा असतानाच्या फोटोत हा पुडा हातात कसा?"

तो हसला. "सायेब, कुणाचा जीव गेला का? आता जिल्हाभर लोक आपलाच पुडा मागायलेत." तो निनावी फोनही त्याच्याच मेहुण्यानं केला होता. प्रेसवाल्याला सगळं आधीपासून माहीत होतं.

मुलीला पुन्हा बोलावलं. "खोटं का बोललीस?"

"प्रेसच्या काकांनी मला काम दिलं, सर. भरतीचा अभ्यास प्रेसमध्येच करू दिला. ते म्हणाले, तू चूक मान्य कर, दोन दिवसांत मिटतंय. त्यांना नाही कसं म्हणणार?"

माझे वडील सालगडी होते. घरातला पहिला पदवीधर मी, तोही वसतिगृहात ठेवून घेणाऱ्या एका गुरुजींमुळे. त्यांनी सांगितलं असतं तर तिच्या वयात मीही तेच केलं असतं.

तिच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. पण न्यायालयाचा आदेश होण्याआधीच तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आला, आणि तो माझ्याच टेबलावर आला. 'गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्यात मला 'होय' लिहावं लागलं. खाली चार ओळींचा शेरा लिहिला, वरिष्ठांना जाऊन भेटलो. उपयोग झाला नाही. मुदत संपली, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली. दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून घेतलं. पुडा आजही खपतो.

पुढे तिचं नाव वगळण्याचा आदेश झाला तेव्हा ती त्याची नक्कल न्यायला ठाण्यात आली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना शांतपणे म्हणाली, "सर, फ्लेक्सवरचा फोटो बघून तुमच्या लगेच लक्षात आलं. मी तर तुमच्यासमोरच बसले होते."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी आढेवेढे घेणाऱ्यांचे जबाब दहा वेळा तपासले. न विचारता मिळालेली कबुली मात्र तशीच लिहून घेतली. माणूस भीतीनं खोटं बोलतो हे मला खात्यानं शिकवलं होतं. उपकारापोटीही बोलतो, हे मला घरूनच माहीत होतं, तरी त्या दिवशी आठवलं नाही. 'बाई, हे बोलायला तुला कोणी सांगितलं?' एवढं विचारलं असतं, तर आज ती कुठल्यातरी ठाण्यात वर्दीवर असती.