काढायला अवघड बूट

परभणीच्या बाजारात मी मोटारसायकलवर घालायचे बूट मागितले, तेव्हा दुकानदाराने आधी माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि मग पायांकडे.

"पोरासाठी का, काका?"

"माझ्यासाठी. लेहला जायचंय, गाडीवर."

"सकाळच्या फिरण्याचे दाखवू का? एकदम हलके आहेत."

त्याची चूक नव्हती. माझी बायको जाऊन दुसरं वर्ष सरत आलंय. मी अजून दोघांच्या अंदाजाने भात लावतो आणि उरलेला संध्याकाळी खातो. मुलगा पुण्याला असतो. लेहचं सांगितलं तेव्हा तो फोनवर "बाबा, या वयात?" एवढंच म्हणाला. का जातोय ते मलाही नीट सांगता येत नाही. कुठे निघालात, असं विचारणारं घरात कोणी नसलं की कोपऱ्यावर दूध आणायला जाणं आणि लेहला जाणं यात फारसा फरक उरत नाही.

दुकानदाराने बाहेरून दोन जोड मागवले. ते आले तेव्हा मी मानवतहून मेहुण्याला बोलावून घेतलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोही आता साठीला आलाय. उजवा पाय ओढत चालतो. गाड्यांमधलं त्याला कळतं म्हणून बोलावलं, असं मी त्याला सांगितलं. खरं म्हणजे एकट्याने बूट घालून बघायला मला नको वाटत होतं.

एक जोड घोट्यापर्यंतचा, मऊ, बाजूला चेन असलेला. दुसरा पोटरीपर्यंत चढणारा, घोट्याशी कडक पट्टी आणि समोर तीन बकलं. मला चेनवाला आवडला. चेन ओढली की पाय बाहेर. माझे गुडघे आता नीट वाकत नाहीत.

मेहुणा स्टुलावर बसला. त्याने दोन्ही बुटांचे घोटे अंगठ्याने दाबून पाहिले.

"दाजी, हे चेनवाले घिऊ नका."

"का रे?"

"काढायला सोपे हायत. काढायला सोपं असलं की माणूस काढतो."

हे तो मला टोचायला म्हणाला नाही. बुटाकडेच बघत होता. मग हसून म्हणाला, "आन हे बकलवाले घालून तुमी नुसतं चालले ना, तर गल्लीतले पत्तेवाले पळून जातील. वाटंल, पोलीस आला."

दुकानदार हसला. मला हसता आलं नाही. मेहुण्याचा पाय कसा अधू झाला ते आमच्या घरात सगळ्यांना चुकीचं माहीत आहे, म्हणून ते इथे लिहितो.

माझ्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना होता. आमच्याकडे अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. पाय धुतात, अनारसे वाढतात, वाण देतात. त्या दिवशी जावई जे बोलेल ते खरं. मेहुणा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. जाड तळाचे बूट त्याने हौसेने घेतले होते आणि रोज पहाटे ते घालून धावायचा. रात्री उशाशी घेऊन झोपतो, असं त्याची बहीण चिडवायची. जेवणाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, चला, चारठाण्याची जुनी देवळं दाखवून आणतो." सासऱ्यांच्या मोटारसायकलवर आम्ही गेलो, तो चालवत होता आणि मी मागे.

येताना पाऊस होऊन गेलेला. तो डांबरी रस्त्यानेच जाऊ म्हणत होता. मला लवकर पोचायचं होतं, म्हणून मी गाडीवाटेने घे म्हणालो. आमची काळी माती भिजली की तळव्याला लागत नाही, तळव्यावर चढते. दर चार पावलांनी बूट विटेएवढा जड होतो. तशा बुटाने ब्रेक दाबला तरी पायाला समजत नाही. अशा चिखलात इथे सगळे एकच करतात. पायातलं काढायचं, लेस एकमेकींत बांधून हँडलला अडकवायचं आणि बोडक्या पायाने निघायचं. मी त्याला तेच सांगितलं.

"नको दाजी. गाडीवर पाय बोडका नको."

"माझं ऐक. तुझ्याहून जास्त चिखल तुडवलाय मी."

त्याने बूट काढले. थोडं पुढे गेल्यावर चाक बैलगाडीच्या चाकोरीतून घसरलं. गाडी उजवीकडे पडली आणि त्याचा घोटा पायदांडीखाली सापडला. मी मऊ चिखलात फेकला गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही.

लोकांनी त्याला घरी आणून बाजेवर निजवलं. मागून गाडी आली, तिच्या हँडलला बूट तसेच लोंबकळत होते. सासऱ्यांनी ते पाहिले आणि मला विचारलं, "तुमी संगं असताना ह्यानं बूट काढलेच कसे?"

मी म्हणालो, "मी घाल म्हणत होतो. ऐकलं नाही त्याने."

मेहुण्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. अधिकाच्या महिन्यात भरल्या अंगणात जावयाला खोटं कोण पाडणार? आणि त्याच्या बहिणीला माझ्याच घरात नांदायचं होतं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

हाड वाकडं जुळलं. भरती गेली. पुढे तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. दर भाऊबीजेला ओवाळताना माझी बायको त्याला म्हणायची, "ह्यांचं ऐकलं असतंस तर आज वर्दीत बसला असतास." तो म्हणायचा, "चुकलंच, ताई." मी शेजारच्या पाटावर करंज्या खात बसलेलो असायचो. ती हेच खरं धरून गेली.

त्याने ऐकलं नाही, असं सगळे म्हणतात. त्याने ऐकलं. म्हणून पाय मोडला.

दुकानात मी बकलवाले बूट घेतले. बाहेर चहा पिताना मेहुण्याला म्हणालो, "निघायच्या आधी मामींना खरं काय ते सांगणार आहे." माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या मानवतला त्याच्याकडेच असतात.

त्याने बशीतला चहा संपवला. "कशाला, दाजी? मला बोलायची आईला सवय हाय. तुमाला कशी बोलंल? तुमी पडले जावई. उगं म्हातारीची अडचण करता."

तरी रविवारी मी नवे बूट घालून गाडीवर मानवतला गेलो. बूट ओसरीच्या पायरीशी काढले. मामी बाजेवर लसूण सोलत बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपास असतील, पण कान शाबूत आहेत. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. गाडीवाट, चिखल, मी काय म्हणालो आणि अंगणात काय सांगितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला, जावयासमोर घेतात तसा. मग दारात उभ्या मुलाकडे वळल्या.

"आन तुला तोंड नव्हतं का रे मुडद्या? इतके वर्षं मुका होऊन बसलास! माझी पोरगी गेली तुला बोलू बोलू!"

"चुकलंच, आई."

"चुकलंच म्हणायलाय! जा, जावईबुवाला चहा टाकाय सांग."

मला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. चहा पाहुण्यांच्या कपात आला, साखर जास्त घातलेला. त्यांनी पुन्हा लसूण घेतला. मला दोन शब्द सुनवायचा हक्क असलेलं एकच माणूस होतं, माझी बायको. तिचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, आणि त्यात ती भावाच्या लग्नातली, हसणारी होती.

मी उठलो. चपला असत्या तर पाय सरकवून निघून गेलो असतो. पायरीवर बसून बुटात पाय घालायलाच वेळ लागला. वाकलो की दम लागायचा. मागून लसणाची सालं काढल्याचा आवाज येत होता. मी वरचं बकल ओढत होतो, ते बसत नव्हतं.

मेहुणा भिंतीला धरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला खाली बसता येत नाही.

"खालचं आधी लावा, दाजी. मग वरचं आपोआप बसतंय."

मी वरचं सोडलं आणि खालचं आधी लावलं.