पाटीवरचा न पुसलेला शब्द

फोन आला तेव्हा मी घाटनांदूरला न्हाव्याच्या खुर्चीत होतो, एका गालाला साबण. पलीकडून गौतमच्या मुलाचा आवाज आला, "काका, बाबा..." मी चटकन "राँग नंबर" म्हणालो आणि फोन बंद केला. जणू मी ऐकलंच नाही तर तो गेलाच नाही... मग तशाच अर्ध्या दाढीनं त्याच्या घरी पोचलो. रडणाऱ्या बायकाही क्षणभर थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

गौतम आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, मी गणित. निवृत्तीनंतर त्यानं ओसरीच्या भिंतीवर पाटी टांगली. तिच्यावर खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि त्यात बसेल असा स्वतःचा प्रसंग जो सांगेल त्यानंच तो पुसायचा, असा नेम. 'होमसिक' त्याच्या बायकोनं, वहिनींनी पुसला. नवी नवरी होत्या तेव्हा सासरच्या ताकाला माहेरचा, नांदूरघाटचा वास येईना म्हणून त्या चुलीपुढं रडल्या होत्या. 'एलिगंट'साठी मी माझ्या लग्नातला सूट सांगितला. तो सूट गौतमनं पाहिलेला. म्हणाला, "मास्तर, खोटं बोलायला मराठी कमी पडली का रं? इंग्रजी कशाला नासवतो?" 'क्लम्झी', म्हणजे वेंधळा, हा मात्र काही न ऐकताच त्यानं मला पुसायला दिला.

त्याच्या मानेतल्या गाठीचं ऑपरेशन लातूरला ठरलं. निघायच्या सकाळी त्यानं 'अनडॉन्टेड' लिहिला. मी म्हणालो, "म्हंजे न भिणारा."

"न्हाई," शर्टाची गुंडी लावत तो म्हणाला, "भ्या लई हाय, पर पाय मागं घेत न्हाई, असा. आल्यावर मीच पुसतो."

दवाखान्यात मला इतका घाम फुटला होता की चाकाची खुर्ची घेऊन आलेली नर्स थेट माझ्यापुढं थांबली. "बसवा, बसवा त्यालाच आधी," गौतम म्हणाला आणि खो खो हसला... तो घरी आला, पण अंथरुणातून पाटीपर्यंत काही आला नाही.

तो गेल्यावर एकदा दाढी करताना माझ्याही मानेत बोटाला काहीतरी लागलं. गणिताचा मास्तर मी, पण या दोन गोष्टींची बेरीज करायची हिंमत होईना. म्हणून दाढी करणंच सोडलं. लोकांना वाटतं, मित्राच्या दुःखानं वाढवली.

काल वहिनींनी 'अनडॉन्टेड' पुसायला हातात ओलं फडकं दिलं. "पुसा भाऊजी. तुमीच उरलात आता." फडकं पाटीपर्यंत नेलं आणि मागं घेतलं. घरी बायकोलाही न सांगितलेली गाठ मी तिथंच त्यांना सांगून टाकली. त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारच्या पहिल्या गाडीनं लातूर गाठा. आल्यावर पुसा."

फडकं परत द्यायचं भान राहिलं नाही. विजारीच्या खिशात कोंबलं. घरी येईपर्यंत विजार पुढून ओली. वाटेत भेटलेल्यांनी एकदा खाली पाहिलं. त्यांना जे वाटलं, ते फारसं चूक नव्हतं.

आज रविवार. फडकं वाळलंय. उद्याच्या पिशवीत पहिलं तेच घातलं.