शाळेतला मांडव आन टपरीवरची सावली

आता काय सांगू तुमाले, माह्या हातानं माह्यं तोंड कसं काळं झालं. चाय होईलोक आयका. हसाचं असन तर हसा, तसंबी अख्खं गाव हसूनच राहिलं.

तुमाले तर माहीतच हाय, आमी वावरात राहतो. गाव तथून लांब. म्हनून आमची चकुली, तिसरीत हाय, तिले शाळेत सोडाचं आन आनाचं काम माह्यं. उन्हाळ्यात सकाळची शाळा, अकराले सुटते.

तर एक दिवस चकुली घरी आली, दप्तर ठेवलं, आन नाकातून भळभळ रक्त. घोळना फुटला. तिच्या मायनं डोक्यावर पानी थापलं, कांदा फोडून नाकापाशी धरला. एकुलती एक पोट्टी हाय, राजेहो. वावरात पीक गेलं तरी मी रडत नाई, पन तिच्या फ्राकवरचं ते रक्त पाहून डोयात पानी आलं.

रक्त थांबलं. मंग म्या इचारलं, "उनात उभी होती काय वं?"

मान हालवली.

"कुठी?"

"शाळेत."

"कोनं उभी केली?"

आता पोट्टी बोलेचना. माह्या तोंडाकडे पाहे, खाली पाहे. माह्या तोंडाकडे पाहे, खाली पाहे. म्या म्हनलं, समजलं. मॅडमचा धाक हाय, म्हनून बोलत नाई. तिची माय म्हने, तिले बोलू तर द्या पुरं. पन आपल्याले पुरं आयकाची सवय हाय काय? सवय असती तर मी आज तुमच्या समोर बसून हे सांगत असतो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी शाळेसमोर उभी केली. मॅडम परतवाड्याहून येतात, शेअर जीपनं. बिचाऱ्या नुकत्याच उतरल्या होत्या, तोंडावरचा दुपट्टाबी सोडला नव्हता. शाळेच्या गेटसमोर चायची टपरी हाय, तथी गाव बसेल. आन आपला आवाज तर तुमाले माहीत हाय. बैल बुजतात.

म्या म्हनलं, "मॅडम, सरकार तुमाले पगार लेकरं शिकवाचा देते का भाजाचा? लेकरायले सावलीत उभं कराले काय होते तुमाले?"

त्या बिचाऱ्या शांत. म्हने, भाऊ, परिपाठ आम्ही व्हरांड्यातच घेतो. पटांगणात ऊन आलं की खेळ बंद. माठ आहे, पाण्याची सुट्टी वेगळी आहे. म्या म्हनलं हे बहाने आपल्याले सांगू नका. माह्या पोट्टीचं रक्त म्या डोयानं पाह्यलं. मंग त्या म्हने, भाऊ, चकुलीबद्दल एक सांगायचंच होतं तुम्हाला. म्या म्हनलं आता तुमी काईच सांगू नका, आता मीच सांगतो. तुमच्याच्यानं होत नसन तर मी टाकतो पटांगनात मांडव. माह्या खर्चानं, माह्या हातानं.

टपरीवरून कोनीतरी वा म्हनलं. तथीच मी मेलो. मानसाले टपरीवरून वा म्हनलं का त्याचं डोकं कामातून जाते.

मॅडम एवढंच म्हने, "टाका भाऊ, चांगलंच आहे. फक्त सकाळचं ऊन तिरपं असतं, तेवढं पाहून टाका."

घ्या. मले मांडव शिकवतात. अवं, या गावातल्या अर्ध्या लग्नाचे मांडव म्या टाकले. भर मे महिन्यात, बाराच्या लग्नात, माह्या मांडवाखाली वऱ्हाडी घोरत पडतात. मले तिरपं सांगतात.

दोन दिवस वावरातलं काम सोडलं. बांबू आनले, तुरीच्या तुराट्या आनल्या, वरून निंबाचा पाला टाकला. आन मांडव कसा? उंच. आपला मांडव उंचच असते, खालून नवरदेवाची घोडी गेली पाह्यजे. रस्त्याकडच्या भिंतीले लागून टाकला, म्हनजे येनाऱ्या-जानाऱ्याले दिसन, कोनं टाकला ते. बायको म्हने, अवो, शाळेत घोडी कायले येईन? म्या म्हनलं तू भाकरी पाठव, अक्कल नको पाठवू.

सोमवारी सकाळी चकुलीले घेऊन शाळेत गेलो. छातीवर दुपट्टा, जसा मीच मुख्याध्यापक. शिडी लावून मांडवावर चढलो, राहिलेला पाला पसरवाले.

वरून पाहतो तर काय?

ऊन तिकून, पूर्वेकडून आडवं येते. पटांगन सारं उनात. आन माह्या मांडवाची सावली कुठी? भिंतीवरून उडी मारून रस्त्यावर, रस्ता ओलांडून थेट टपरीवर. तथी बुढ्यायनं बाकडे वढून घेतले, पत्ते काढले. दोन बकऱ्या खाली बसल्या. एक बुढा वर पाहून म्हने, "लय पुन्य लागन तुले, बाबू. अशी थंडी सावली आमाले बापजन्मी भेटली नव्हती."

लेकरं व्हरांड्यात प्रार्थना म्हनून राहिले होते. रोजच्यासारखे. सावलीत.

म्हनजे मॅडम खरंच बोलत होत्या. पन मी कबूल करीन काय? मी वरच बसून राहिलो. म्या म्हनलं, ऊन चढू द्या, सावली येईन पटांगनात. मी मांडवावर बसेल, डोक्यावर ऊन, खाली सारं गाव सावलीत. सावली सरकत सरकत आली, बरं का. बरोबर पटांगनात आली. आन तेवढ्यात अकराची घंटा वाजली, लेकरं घरी गेले.

एकच राहिली. चकुली.

ती गेटपाशी गेली आन उभी राहिली. भर उनात. गाल लाल. बाजूले मांडव, समोर टपरी, मागं व्हरांडा, तिन्हीकडे सावली. आन ही बरोबर मधात, उनात.

म्या वरून आवाज देला, "अवं चकुले, सावलीत हो ना."

म्हने, "तुमीच सांगतलं बाबा, मी येईलोक गेटवरून हालाचं नाई."

"मंग म्या तर अथीच हाव ना वं."

"पन गाडीवर नाई आले ना तुमी." पोट्टी अगदी समजावून सांगून राहिली होती मले. "तुमी गाडीवर येता, हॉर्न वाजवता, तवा हालाचं. नाईतर तुमी चिडता."

टपरीवरचे पत्ते थांबले. बकऱ्याबी वर पाहून राहिल्या असं वाटलं मले.

आता तुमाले खरं सांगतो. शाळा सुटते अकराले, आन मी पोचतो केवाबी. काहून? मधात फाटा लागते. फाट्यावर चाय असते, आन चायीवर कोनी ना कोनी असं बोलते का मले उतरून वाद घालाच लागते. रोज. कवा पान्यावरून, कवा इलेक्शनवरून, एक दिवस तर म्हशीच्या शिंगावरून. आन तेवढा वेळ माह्यं लेकरू बापाच्या हुकमानं उनात उभं.

मॅडम व्हरांड्यातून आल्या, चकुलीले हात धरून सावलीत नेलं. म्हने, "हेच सांगायचं होतं भाऊ त्या दिवशी. मी रोज तिला आत बस म्हणते. ती म्हणते, बाबांनी पाहिलं तर रागावतील."

राजेहो, जिंदगीत पयल्यांदा असं झालं का मले राग आला आन भांडाले कोनी भेटलंच नाई. मॅडम बरोबर, पोट्टी बरोबर, बायको तर पयलेच बरोबर होती. उरलो मी. आन शिडीबी खाली पडेल होती. अर्धा घंटा वरच बसलो, कोनंबी लावून देली नाई.

मांडवाचा पाला बकऱ्यायनं खाल्ला, तुराट्या वाऱ्यानं गेल्या. नाव तेवढं राहिलं. आता मले गावात कोनी नावानं हाक मारत नाई, मांडववाले म्हनतात.

आता मी फाट्यावर थांबत नाई. कोनी काईबी बोलो, म्हशीले शिंग नाई म्हनो, मी गाडी थांबवत नाई. घंटेच्या पयलेच गेटवर हजर. गेट बंद असते. टपरीवर सावली हाय, पन तथी कोन्या तोंडानं जाऊ? म्हनून उभा राहतो गेटपाशीच.

काल घंटा झाली, चकुली मस्त डोक्याले दुपट्टा बांधून, खिशात कांदा घेऊन बाहेर आली. माह्याकडे पाह्यलं. मी घामानं वला, डोयापुढं अंधारी. अख्ख्या टपरीले आयकू जाईन अशा आवाजात, आवाज माह्यावरच गेला हाय पोट्टीचा, मले म्हने, "बाबा, सावलीत उभं राहाले काय होते तुमाले?"