खर्ड्याला जायचंय, खिडकी पाहिजे

आमच्या ऑफिसात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. कुणी चहाला आलं की त्याला एक सांगावा, तर तोच माणूस पुढच्या खेपेला स्वतः एक किस्सा होऊन येतो! नगरात एका अरुंद जिन्याच्या वर आमचं टूर्सचं ऑफिस आहे. माणसं चार. मालक नाना, पूर्वी पारनेरला भूगोल शिकवायचे. "जन्मभर नकाशावर दाखवलं, आता प्रत्यक्ष दाखवतो," म्हणत निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग काढला. सायली, वय चोवीस, पोस्टर आणि रील्स तिच्याकडे. भानुदासकाका, आमची सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर चालवतात. जामखेडच्या पुढच्या खर्ड्याचे. आणि मी. फोन घेणं, याद्या करणं आणि उरलेल्या वेळात या तिघांवर चिडणं, हे माझं खातं.

सगळे किस्से सांगत बसले तर तुमची दिवाळी माझ्यासमोरच जाईल. म्हणून गेल्या सीझनचेच सांगते.

*

सायलीने प्रत्येक टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप करायची पद्धत पाडली. ड्रायव्हरही त्यात असतो, म्हणजे गाडी कुठे उभी आहे ते प्रवाशांना थेट कळतं. भानुदासकाका पहिल्यांदाच ग्रुपवर आले आणि कोकणच्या टूरमधल्या एका बाईंनी सकाळी लिहिलं, "हाय!"

काकांचं उत्तर: "काय हाय?"

बाई गोंधळल्या. त्यांनी पुन्हा लिहिलं, "हाय काका!"

"हाय ना. मी बी हाय, गाडी बी हाय. तुमी कुठं हाय?"

मी काकांना बाजूला घेऊन समजावलं की ते इंग्रजी हाय आहे, म्हणजे नमस्कार. काका म्हणाले, "म्हंजी आमी जलमभर एकमेकाला नमस्कारच करत हुतो व्हय!"

*

एका संध्याकाळी गावातलं एक जोशी कुटुंब आलं. दोघंही शिक्षक, दोन मुली. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं ते ठरलेलं होतं, फक्त त्या जागेचं नाव माहीत नव्हतं! त्यांच्याकडे एक रील होतं. हिरवा डोंगर, खाली ढग, ढगातून वर आलेला एक सुळका. "ईशान्येकडे कुठेतरी असावं," सर म्हणाले. "विमानाने जायची तयारी आहे आमची."

सायलीने ते रील चारदा पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे अकोले तालुक्यातलं आहे. आपल्याच जिल्ह्यातलं. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल."

चौघांचे चेहरे एकदम पडले. मॅडम म्हणाल्या, "मग तिकडे काय जायचं? फोटो टाकले तर लोक म्हणतील, यंदा कुठे गेला नाहीत वाटतं!"

ते हिमाचल ठरवून गेले. भानुदासकाका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आले, टोपी काढली, आणि नानांना म्हणाले, "नाना, तीस वर्सं झाली, मी लोकांना दुसऱ्याच्या गावाला नेतो. माझ्या गावाला येकदा बी गाडी नेली न्हाई. खर्डा टाका की लिस्टमदी. किल्ला हाय आमचा. मराठे अन् निजामाची लढाई तितंच झाली. तुमी तर शिकीवलं आसंल."

"मी भूगोल शिकवायचो," नाना म्हणाले. पण त्यांना ते लागलं. थोडा वेळ त्यांनी कॅलेंडर चाळलं आणि अट घातली, "बारा सीट भरल्या तर गाडी निघेल. अकरा झाल्या तरी नाही. चालेल?"

"चालंल," काका म्हणाले. त्या दिवसापासून ऑफिसात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, किती झाले?"

*

तारीख नानांनी काढली. दिवाळीची सुट्टी, किल्ल्यात गावकऱ्यांनी पणत्या लावायच्या, त्यांच्यासोबत आपल्या प्रवाशांनीही लावायच्या. सायलीने सुरेख पोस्टर केलं. पहिल्याच तासात फोन आला. मी आनंदाने उचलला.

"तुमच्या ऑफिसात बायामाणसं आहेत का?" एक बाई विचारत होत्या.

"मी आहे ना."

"मग तुम्हाला दिसलं नाही? तारीख भाऊबीजेची आहे! भावाला ताटावर बसवून किल्ला बघायला येऊ का मी?"

भूगोलाच्या माणसाने निवडलेली तारीख, आणि मी बाई असून तीन वेळा वाचली होती! आम्ही कार्यक्रम त्रिपुरी पौर्णिमेवर नेला. दिवे लावायचाच दिवस, पाहुणे आपापल्या घरी गेलेले, बायका थोड्या मोकळ्या झालेल्या.

*

नव्या पोस्टवर लोक तुटून पडले. सायली दर तासाला ओरडायची, "अजून वीस जण इंटरेस्टेड!" आकडा इतका वाढला की भानुदासकाकांनी गावात फोन करून टाकला, "येक गाडी पुरनार न्हाई, लई लोक हायेत." बुकिंगच्या यादीत तेव्हा नावं होती चार.

नानांनी सायलीला बोलावलं. "इंटरेस्टेड म्हणजे नेमकं काय गं?"

सायलीने प्रामाणिकपणे सांगितलं, "म्हणजे येणार नाहीत, पण न आल्याचं त्यांना वाईट वाटणार आहे."

*

त्याच दिवसांत माझ्या हातून जे झालं ते आधी सांगून टाकते, नाहीतर सायली सांगेल. आम्ही लोकांच्या कार्यक्रमांची जाहिरातही करून देतो. एका हॉलमध्ये भावगीतांचा कार्यक्रम होता. घाईत मी हॉलचा पत्ता टाकून मेसेज लिहिला: "उद्या संध्याकाळी सहा वाजता. प्रवेश मोफत. जरूर या, इतरांनाही कळवा." तारीख लिहायची राहिली.

कार्यक्रमाला हॉल भरला. छान झालं. दुसऱ्या दिवशी सहाला हॉलच्या वॉचमनचा फोन, "मॅडम, पन्नास लोक आलेत." तिसऱ्या दिवशी तीस. चौथ्या दिवशी जामखेडहून एक जीप भरून आली! लोक "इतरांनाही कळवत" होते आणि ज्याला जेव्हा कळत होतं, त्याचा उद्या वेगळा होता. पाचव्या दिवशी वॉचमननेच त्यांना दोन गाणी म्हणून दाखवली आणि म्हणे टाळ्या पडल्या!

मला लाज वाटली, पण खरं सांगते, थक्कही झाले. एवढीशी ओळ, आणि माणसं आवरून, पावडर लावून, गाड्या काढून निघतात! परवासुद्धा एकांचा फोन होता: "उद्याचा कार्यक्रम नक्की आहे ना?"

*

सुट्टी लागताच पारनेरकडच्या एका मोठ्या शेतकरी कुटुंबाची केरळची टूर निघाली. ठिकाण निवडायला घरातली सगळी माणसं ऑफिसात आली होती. सुनांना समुद्र हवा होता, मुलांना हत्ती. सगळ्यांत मोठे आबा इतका वेळ गप्प होते. नानांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "जिथं पानी लई हाय तितं न्या. बाकी कायबी आसू द्या."

तिसऱ्या दिवशी आबांनी हाऊसबोटीवरून ग्रुपवर एक फोटो टाकला. फोटोत कुणीच नव्हतं. नुसतं पाणी. खाली लिहिलेलं: "येवढं पानी, आन पंप येक बी न्हाई!"

सायलीने आबांना विचारून तो आमच्या पेजवर टाकला. आमच्या एकाही जाहिरातीला मिळाले नसतील इतके लाइक्स पडले. खाली कुणी चेष्टा केली नाही. लोक आपापल्या गावातल्या विहिरीचे फोटो टाकत गेले. नाना खुर्चीत बसून एकेक फोटो मोठा करून बघत होते आणि कुठल्या तालुक्यातली असेल ते सांगत होते.

*

आता खर्डा.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि यादी अकरावर अडकली. नानांचे दोन मित्र, एका बँकेतल्या सहा बायका, एक नवरा-बायको आणि सायलीने गळ घालून आणलेली तिची मैत्रीण. काका "किती झाले?" विचारायचे आणि मी "अकरा" म्हटलं की मान हलवून खाली गाडी पुसायला जायचे. चार दिवस ते नगरातच गाडीपाशी मुक्कामाला होते. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी नानांना म्हटलं, "अकरावर सोडा ना गाडी." नाना म्हणाले, "आज अकरावर सोडली तर उद्या सहावर सोडावी लागेल." शिक्षक माणूस!

त्या दुपारी ऑनलाइन फॉर्म भरून एक नाव आलं. नाव: कमल. सीट: एक. आडनाव नाही. "कुठून येणार?" या रकान्यात लिहिलं होतं, "घरून." सूचनांच्या रकान्यात, "खिडकी पाहिजे."

सायलीने लगेच फोन लावला. "ताई, एकट्याच आहात का?"

"व्हय. येकटीच. खिडकी हाय ना?"

"आहे, आहे! पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता ऑफिसखाली या."

बारा झाले! काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि पुसलेली गाडी पुन्हा पुसायला घेतली.

पौर्णिमेला अकराच्या आधीच सगळे हजर. मी यादी घेऊन दाराशी उभी होते. अकरा जण चढले. एवढ्यात बसस्टँडकडून एक बाई झपाझप आल्या. इस्त्रीची हिरवी नऊवारी, हातात पिशवी, कपाळाला घाम.

"कमल," त्या मला म्हणाल्या. "यादीत बघा."

भानुदासकाका ड्रायव्हरच्या दारातून अर्धे उतरले आणि तिथेच थांबले. "तू? आगं, तू हितं कशी?"

"पाटंच्या यष्टीनं."

"घरी कोन हाय?"

"घरी कुलूप हाय."

"आगं, गाडी खर्ड्यालाच चाललीय!"

"म्हाईत हाय. म्हनून तर आले."

त्या काकांच्या पत्नी होत्या! आम्ही त्यांना इतकी वर्षं फक्त फोनवरच्या "काकू" म्हणून ओळखत होतो. पहाटे खर्ड्याहून निघून, जामखेडला गाडी बदलून, तीन तास एसटीने त्या नगरला आल्या होत्या, आपल्याच नवऱ्याच्या गाडीत बसून आपल्याच गावाला जायला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्वतः दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "या. खिडकीची सीट तुमचीच आहे."

खर्ड्यात उतरताना गावातल्या एकीने विचारलं, "आगं कमल, सकाळपासून कुटं हुतीस? आन ही कुनाची गाडी?"

"नगरहून आले," काकू म्हणाल्या. "टूरला."

काकांनी आम्हाला किल्ला दाखवला. त्यांना इतकं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. दरवाजा, तट, बुरूज, आतली विहीर. काकू बँकेतल्या बायकांबरोबर चालत होत्या आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच विचारत होत्या. "ड्रायव्हर, ही हीर किती खोल हाय?" आणि काकाही गंभीरपणे, "सांगतो, मंडळी, हिकडं या," म्हणून सांगत होते. मी काकूंना हळूच विचारलं, "तुम्ही आधी आला असालच की किल्ल्यात?"

"लगीन होऊन आल्यापास्नं येकदा आल्ते," त्या म्हणाल्या. "शेळी हुडकायला."

दिवस मावळला तसा गाव येऊ लागला. बारा पाहुण्यांसाठी एवढा गाव! बायकांच्या ताटात पणत्या, मागे माणसं तेलाचे डबे घेऊन. तटाच्या कडेने एकेक पणती लागत गेली आणि पलीकडून चंद्र वर आला. मी खूप ठिकाणं बघितली आहेत, कामच ते आहे, पण असं काही बघितलेलं नाही. सायलीच्या हातात फोन होता आणि तो बंद होता. नाना नुसते उभे होते. भानुदासकाका एका बुरुजाखाली तोंड भिंतीकडे करून उभे होते, म्हणून मी तिकडे गेले नाही.

सातच्या सुमाराला परत निघायची वेळ झाली. एकेक जण गाडीत चढला. यादी घेऊन मी मोजत होते. दहा, अकरा. आणि मग कमलकाकू पिशवी सावरत पायरी चढल्या आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसल्या.

काका मागे वळले. "आगं, घर हितं हाय. तू उतर."

"बुकिंग जाऊन-येऊन हाय माजं," काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीची काच सरकवली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "आन आपलं गाव पावन्याला कसं दिसतं, त्ये जाताना तर दिसंल."

काकांनी गाडी सुरू केली आणि वेशीपर्यंत फर्स्ट गिअरमध्येच नेली.